बिनजोड

अण्णांच्या शेडमध्ये वेल्डिंगची परीक्षा चुन्याने व्हायची. टाकी तयार झाली की तिचे सगळे जोड बाहेरून चुन्याने रंगवायचे. चुना वाळून पांढरा झाला की आतल्या अंगाने त्याच जोडांवरून कुंचल्याने रॉकेल फिरवायचं आणि मग काहीही करायचं नाही. अण्णा रस्त्यापलीकडच्या चिंचेखाली जाऊन विडी ओढत. मी शेडमध्ये टाकीपाशी टॉर्च घेऊन बसे. पाणी जिथून जात नाही तिथून रॉकेल जातं. जोडात सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं असेल, तर अर्ध्या तासात पांढऱ्या पट्टीवर मोहरीएवढा तेलकट ठिपका उमटे आणि बघता बघता मसुराएवढा होई. मी हाक मारायची. अण्णा येऊन ठिपक्याभोवती खडूने गोल काढत, एक शब्द न बोलता. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा काय उतरत असे, ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं. मी मुद्रितं तपासते. छापून, बांधून आलेल्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर आपल्या नजरेतून सुटलेली चूक दिसली, की ती ठिपक्यासारखीच वाढत जाते.

हे सगळं आठवायला कारण झालं एक रॉकेट.

३० मे २०२४ ला सकाळी सव्वासातला श्रीहरिकोट्याहून ‘अग्निकुल कॉसमॉस’ या चेन्नईच्या खासगी कंपनीचं छोटं रॉकेट उडालं. उड्डाण थेट दाखवलं नव्हतं, व्हिडिओ नंतर आले. मी सुट्टीला कोल्हापुरात होते. दुपारी जेवण झाल्यावर अण्णांना मोबाइलवर दाखवलं. सोबतची बातमी वाचून दाखवली: रॉकेटचं इंजिन थ्री-डी प्रिंटिंगने एका तुकड्यात घडवलेलं आहे, कुठे वेल्डिंग नाही, नट-बोल्ट नाही, एकही जोड नाही.

“बिनजोड?” अण्णा म्हणाले आणि हसले.

कोल्हापुरात हा शब्द तालमीतला. ज्याच्याशी लावायला तोडीचा मल्ल सापडत नाही तो बिनजोड. अण्णांनी तो बहुधा पहिल्यांदाच त्याच्या उघड्या, लोखंडी अर्थाने उच्चारला असेल. चष्मा कपाळावर सारून त्यांनी मोबाइल नाकाशी धरला, व्हिडिओ पुन्हा लावायला लावला, आणि परत दिला.

“असलं काय नसतंय. जोड नाही असं जगात काय असतंय व्हय? अंडं सोडून.”

सत्तेचाळीस वर्षं ज्यांनी जोडच जोडले त्यांच्यापुढे वाद कोण घालणार? पण मला त्या इंजिनाने पछाडलं. त्याला थोडं कारण नावाचंही होतं. माझ्या लहानपणीच्या विज्ञानाच्या मराठी पुस्तकांत रॉकेटला ‘अग्निबाण’ म्हणत. आता या कंपनीने आपल्या रॉकेटचं नावच अग्निबाण ठेवलंय. म्हणजे मराठी माणसाच्या कानाला ते रॉकेट नावाचं रॉकेट. ज्या तळावरून ते उडालं तो ‘धनुष’, कंपनीचा स्वतःचा, इस्रोच्या आवारात बांधलेला. आणि इंजिन ‘अग्निलेट’. नावं ठेवणाऱ्यांनी बारशाची हौस पुरती भागवून घेतलेली दिसते.

श्रीनाथ रविचंद्रन आणि मोईन एस. पी. एम. या दोन तरुणांनी आयआयटी मद्रासमधले ज्वलनशास्त्राचे प्राध्यापक सत्यनारायणन चक्रवर्ती यांच्या आधाराने २०१७ मध्ये ही कंपनी काढली. उडालेलं रॉकेट उंचीला सहा मीटरच्या आसपास, दुमजली घराएवढं. ते काही उपग्रह घेऊन गेलं नाही. वर गेलं, ठरल्याप्रमाणे वळलं आणि बंगालच्या उपसागरात पडलं. त्याआधी चार वेळा उड्डाण रद्द झालं होतं. २८ मेला तर पाच सेकंद उरलेले असताना थांबवलं, इंजिन पेटवणाऱ्या इग्नायटरबद्दल शंका आली म्हणून. पाच सेकंद उरले असताना ‘थांबा’ म्हणायला काय लागतं, हे मला चुन्यावरच्या ठिपक्याने शिकवलं आहे. बातम्यांनी मात्र त्या चार दिवसांना चार अपयशं म्हणून टाकलं. (सायकलवरून रॉकेटचं नाक नेणाऱ्या थुंब्याच्या माणसाचा फोटो अशा प्रत्येक लेखात येतो. या लेखात तो येणार नाही. त्या सायकलला आता विश्रांती द्यायला हवी.)

रॉकेटचं इंजिन कसं चालतं, हे मला पुस्तकांनी कधी नीट कळलं नाही. ते आईच्या स्टोव्हने कळलं. पितळी, पंपाचा स्टोव्ह. आधी काकडा पेटवून बर्नर तापवायचा, मग पंप मारायचा. टाकीतलं रॉकेल चढतं, पण चढल्याबरोबर पेटत नाही. ते आधी त्या तापलेल्या बर्नरच्या पोटातल्या नळ्यांतून फिरतं, तापून त्याची वाफ होते, आणि ती वाफ निपलच्या भोकातून सूं करत बाहेर येऊन पेटते. त्याच जाळाने बर्नर तापलेला राहतो. म्हणजे जे जळायला निघालंय त्याला आधी जाळाच्या घरातून फिरून यावं लागतं. भोकात काजळी धरली की ज्योत पिवळी पडे, भांडी काळी होत, आणि आई ओरडे, “पिन मार गं!”

अग्निबाणातही रॉकेलच आहे, विमानात भरतात ते शुद्ध केलेलं. त्याच्या जोडीला दवाखान्यात लागतो तसला द्रवरूप ऑक्सिजन, उणे १८३ अंशांहूनही थंड केलेला. दोन्ही एकत्र पेटले की अशा इंजिनाच्या पोटात तीन हजार अंशांच्या घरातला जाळ होतो. आणि ते पोट ज्या इनकोनेल नावाच्या निकेलच्या मिश्रधातूचं, तो तर साधारण तेराशे अंशांनाच वितळतो. मग इंजिन वितळून खाली गळत कसं नाही? स्टोव्हसारखंच. भिंतीच्या जाडीत बारीक वाहिन्या असतात. इंधन आधी त्या वाहिन्यांतून धावतं, भिंतीची आग स्वतःत घेतं, भिंत वाचवतं, मग डोक्याकडच्या इंजेक्टरच्या भोकांतून आत उतरतं आणि जळतं.

भिंतीच्या आत शेकडो वाहिन्या ठेवायच्या कशा, हा इतकी वर्षं कारागिरांचा खरा घाम होता. अपोलोची यानं चंद्राकडे नेणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटचं एफ-१ इंजिन घ्या. तेही रॉकेलवर चालायचं. त्याच्या ज्वलनकक्षाला सलग भिंत अशी नव्हतीच. कारव्या उभ्या करून कूड घालावा तशा १७८ नळ्या शेजारी शेजारी उभ्या केलेल्या, आणि भट्टीत तापवून पितळेच्या डागासारख्या डागाने एकमेकींना सांधलेल्या. त्या कुडातून इंधन वाहायचं आणि कुडाच्या आत आग. दुसरी रीत म्हणजे जाड भांड्याच्या पाठीवर खाचा पाडायच्या आणि त्यावर दुसरं कवच चढवून ते पक्कं करायचं. रीत कुठलीही घ्या, जोडांची संख्या हजारांत आणि प्रत्येक जोडाला चुना आणि रॉकेल, किंवा त्यांची महागडी भावंडं. आपल्याकडची विकास इंजिनं विक्रोळीला गोदरेजमध्ये बनतात, पीएसएलव्हीच्या मोटरींची पोलादी नळकांडी वालचंदनगरला. अण्णांबरोबर आयटीआयला असलेला एकजण पुढे वालचंदनगरला लागला. टीव्हीवर पीएसएलव्ही उडताना दिसलं की अण्णा म्हणत, “आमच्या गड्याचा जोड गेला बघ वर.” तो गडी तिथे नेमकं काय करायचा हे अण्णांना कधीच माहीत नव्हतं. त्यांनी विचारलंही नाही. विचारलं असतं तर कदाचित तो कँटीनच्या खुर्च्या जोडताना निघाला असता.

आता ही चेन्नईची मंडळी म्हणतात की वाहिन्या, कवच, इंजेक्टर, सगळं एकत्रच छापून काढतो आणि तेही काही दिवसांत. ‘छापतो’ या शब्दाने माझी झोप उडाली. माझं आयुष्य छापखान्यात गेलं. छापणं म्हणजे कागदावर शाईचा एक थर, तो सुकला की संपलं. धातू कसा छापणार?

सुट्टी संपवून पुण्याला परतले. दिवाळीआधी पुतण्याच्या ओळखीने भोसरीतल्या एका जॉबवर्कच्या शेडमध्ये धातू छापणारं मशीन बघायला मिळालं. तिथे रॉकेट बनत नव्हतं. साचे, पंपांचे भाग, कुणाच्या तरी गुडघ्यात बसायचा एक तुकडा असलं काही चाललं होतं. दोन कपाटं शेजारी ठेवल्याएवढं मशीन आणि त्याला रंगीत काचेची एवढीशी खिडकी. मी स्टूल घेऊन खिडकीशी बसले.

आत राखी रंगाच्या भुकटीचं अंगण होतं. इतकी बारीक भुकटी, की रांगोळी त्यापुढे भरड वाटावी. एक पातं डावीकडून उजवीकडे सरकलं आणि त्याने अंगण सारवल्यासारखं सपाट केलं. मग कुठूनसा लेसरचा एक ठिपका अंगणात उतरला आणि पळायला लागला. तो दिसत नव्हता. जिथून जाई तिथे ठिणग्यांचा छोटा तुरा उडे, भुईनळा विझता विझता उडतो तेवढा. शेजारी शेजारी रेघा, शेतात नांगर फिरावा तशा, पण सेकंदाला कितीतरी. रेघांनी एक कडं भरलं, त्यात काही जागा मुद्दाम कोऱ्या सोडल्या. ठिपका विझला. अंगण केसाच्या जाडीहूनही कमी खाली गेलं. पातं पुन्हा सरकलं, कड्यावर नवी भुकटी आली, सगळं पुसल्यासारखं झालं. मग पुन्हा ठिपका. या वेळी रेघा आधीच्या रेघांना तिरक्या. ज्या जागा कोऱ्या सोडल्या होत्या त्या पुन्हा कोऱ्याच. हळूहळू लक्षात आलं, की त्या कोऱ्या जागाच वाहिन्या. भोक पाडावं लागत नाही. जिथे भोक हवं तिथे रेघ मारायची नाही.

वीस मिनिटं बसले. तेवढ्यात तो तुकडा तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढासुद्धा वाढला नव्हता. मशीनवरचा मुलगा म्हणाला, “मॅडम, उद्या दुपारी या.” तोंडाला मास्क, हातात मोजे, वय पंचवीसही नसेल. “एक मिलिमीटरला पंचवीस थर लागतात.”

आदल्या रात्रीचा एक तुकडा त्याने माझ्यासमोर काढला. तो भुकटीत पूर्ण गाडलेला होता. ब्रशने भुकटी बाजूला सारत, शोषून घेत त्याने तो उघडा केला, चुलीतल्या राखेतून भाजलेलं रताळं काढावं तसा. वाहिन्यांच्या तोंडांतून भुकटी झिरपत राहिली. तो तुकडा उलटा करून टकटक मारत होता, पुन्हा झिरपत होती. “आत अडकून राहिली तर?” मी विचारलं. “तीच तर सगळ्यात मोठी डोकेदुखी. नंतर भट्टीत गेल्यावर ती आतच घट्ट बसते. वाहिनी बंद.” मला आईचा स्टोव्ह आठवला. पण इथे वाहिनी वळणं घेत भिंतीच्या पोटातून गेलेली, पिन मारायची कुठून? म्हणून तुकडा तयार झाला की त्याचं सीटी स्कॅन करतात, माणसाचं करतात तसंच.

निघताना दाराशी सिलिंडरची रांग दिसली. ओळखीचा आकार, ओळखीचा रेग्युलेटर. “हा कशाला?” मी विचारलं.

“आर्गॉन. मशीन आतून आर्गॉनने भरलेलं असतं. हवा लागली तर धातू जळेल ना.”

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आर्गॉनच्या झोतातल्या वेल्डिंगला ‘टिग’ असं कोणी म्हणत नाही. तिथे ‘आर्गॉन’ म्हणतात. आर्गॉन मारायचाय, आर्गॉनचं काम आहे, आर्गॉनवाल्याला बोलाव. अण्णा आर्गॉनवाले होते.

निघताना मुलाने एक रिजेक्ट तुकडा दिला, पेपरवेट म्हणून. अंगठ्याएवढा, पोकळ, भिंतीत वाहिन्या असलेला चाचणीचा नमुना. मी तो पर्समध्ये टाकला, आणि दिवाळीला कोल्हापुरात अण्णांच्या हातावर ठेवला. मग जे पाहिलं ते सगळं सांगितलं. रेघा सांगितल्या, तिरक्या रेघा सांगितल्या, आर्गॉन सांगितला. अण्णा तुकड्यावरून नख फिरवत ऐकत होते.

“रेघ मारली की भुकटीचा रस होतोय?”

“हो.”

“आणि खालच्या थराला धरतोय?”

“हो. खालचाही थोडा वितळतो म्हणाला.”

“आडवं मारून झालं की तिरकं मारतंय?”

“हो.”

“आन् ओढत नाही?” वेल्ड थंड होताना पत्र्याला ओढतो, सरळ पट्टी केळ्यासारखी वाकवतो, हे वेल्डरच्या घरात लहान पोरालाही ठाऊक असतं. मी सांगितलं, ओढतो. म्हणून खालच्या जाड प्लेटीसकट भट्टीत शेकतात आणि मग प्लेटीपासून कापून काढतात, नाहीतर उचलताक्षणी वाकतो.

अण्णांनी तुकडा उन्हात धरला. मग माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मी मुलीच्या लग्नाची पत्रिका चुकीची वाचून दाखवली होती. “अगं, मग बिनजोड कसलं? हे सगळं वेल्डिंगच हाय की! जोडाशिवाय ह्यात काय हायच न्हाई.”

मी आकडेमोड केली. तुकडा सहा सेंटिमीटर, म्हणजे दीड हजार थर. एकेका थरात शेकडो रेघा. एवढ्याशा अंगठ्यात काही लाख जोड. अख्खं इंजिन धरलं तर अण्णांनी सत्तेचाळीस वर्षांत मारले असतील त्याहून जास्त. बातमीतलं वाक्य मुद्रितशोधकाच्या डोळ्यांनी तपासायचं तर ‘एकही जोड नाही’च्या जागी ‘जोडाखेरीज काही नाही’ असं हवं होतं. जोडाक्षरांचं तरी वेगळं काय असतं? ‘ज्ञ’ लिहिताना आत कोण कोण आहे, हे आता कुणाला दिसतं?

कॅलिफोर्नियात रिलेटिव्हिटी स्पेस नावाची कंपनी आहे. तिने तर अख्खं रॉकेटच छापायला घेतलं होतं, टाक्यांसकट. त्यांची रीत भुकटीची नव्हती. ॲल्युमिनियमची तार वितळवत थरावर थर लावायचा, सोऱ्यातून चकली पाडावी तसा. तेहेतीस मीटरचं टेरन-१, वजनाने ८५ टक्के छापलेलं. २२ मार्च २०२३ च्या रात्री केप कॅनाव्हेरलहून ते उडालं. चकलीची टाकी हवेच्या दाबाने फुटेल अशी बऱ्याच जणांची अटकळ होती, ती टिकली. पण दुसरा टप्पा पेटला नाही आणि रॉकेट समुद्रात पडलं. नंतर कंपनीने ते बाजूला ठेवून मोठं रॉकेट हाती घेतलं आणि त्याच्या टाक्यांचे सरळ भाग साध्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याचेच करायचं ठरवलं. मला यात शहाणपण दिसतं. सरळ नळकांडं पत्रा वळवून होतं, त्याला चकली कशाला? छापणं खरं उपयोगाचं तिथे, जिथे पूर्वी हात पोचत नव्हता, वाहिन्यांमध्ये, इंजेक्टरमध्ये. न्यूझीलंडहून उडणारं रॉकेट लॅबचं इलेक्ट्रॉन छापील इंजिनांवर २०१८ च्या जानेवारीतच पृथ्वीच्या कक्षेत पोचलं. त्याची टाकी मात्र त्यांनी कार्बनच्या धाग्यांची केली.

हे सगळं अण्णांना सांगितलं तेव्हा ते दुसऱ्याच विचारात होते. “आतनं खरबरीत असणार,” म्हणाले. वाहिनीत नख जात नव्हतं, म्हणून आईची सुई मागवून घेतली. सुई खरखरली. आणि मग त्यांनी ती गोष्ट काढली, जी आमच्या घरात कोणी काढत नसे.

एका डेअरीच्या स्टीलच्या पाइपलाइनचं काम होतं. सगळं आर्गॉनने जोडलेलं, बाहेरून आरशासारखं. साहेबांनी पाठ थोपटली. पंधरा दिवसांनी तिथलं दूध नासायला लागलं. रोज धुवायचे, रोज नासायचं. आठवडाभर कुणाला उमगेना. शेवटी पाइप कापला तेव्हा एका जोडाच्या आतली बाजू काळी, फुललेली, खडबडीत निघाली. बाहेरून आर्गॉन होता. आतून सोडायचा राहिला होता. आतल्या बाजूला हवा लागली आणि जोड जळला. त्या खरबरीत जागी दूध धरून राहत होतं. अण्णांनी पैसे परत केले. चुना-रॉकेलची परीक्षा तो जोड पास झाला होता, कारण तो गळत नव्हता. नुसता आतून वाईट होता.

“स्कॅनिंग करत्यात ते बरं करत्यात,” अण्णा म्हणाले. तुकडा हातात फिरवत जरा वेळ गप्प बसले. “पर एकदा बघू या की.”

“काय?”

“रॉकेल हाय का घरात?”

रॉकेल आता कोणाच्या घरात असतं? रेशनवर यायचं बंद होऊन किती वर्षं झाली तेही आईला आठवेना. पण ती म्हणाली, माळ्यावर स्टोव्ह असेल. मी स्टूलवर चढले. जुन्या पाटांच्या मागे, वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो पितळी स्टोव्ह होता, काळा पडलेला. हलवला तर तळाशी चुळूक झाली. झाकण बसलेलंच होतं; इतक्या वर्षांत तेवढं उरलं होतं. वास अजून तसाच होता, आईच्या पदराचा आणि सकाळच्या चहाचा.

चुना पानाच्या डबीतला. अण्णांनी तो पाण्यात कालवला, बोटानेच तुकड्यावर बाहेरून फासला आणि तुकडा खिडकीत ठेवला. वाळायला पाऊण तास गेला. मग ड्रॉपरने, डोळ्यात औषध घालतात त्या, थेंब थेंब रॉकेल एका वाहिनीच्या तोंडात सोडलं. खालची तोंडं मेणाने बंद केली होती. आमची परीक्षा पाहायला आई हात पुसत येऊन उभी राहिली. तिला हे खूळ नवीन नव्हतं.

मी मोबाइलची टॉर्च लावली. पांढरा अंगठा उजेडात उभा. दीड हजार थर त्या चुन्याखाली होते आणि एकही दिसत नव्हता. पाच मिनिटं झाली, दहा झाली. अण्णा खुर्ची ओढून पुढे सरकून बसले.

“अजून काय न्हाई,” मी म्हणाले.

“अर्धा तास,” ते म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत, जरा वेळाने, “विडी सोडली नसती तर आत्ता ओढून आलो असतो.”